'संपलं' म्हणेपर्यंत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, की सरांना आता काही कळत नाही. एरवी आमच्याकडे एकमत ही दुर्मीळ चीज. चहात साखर किती असावी यावरसुद्धा स्टाफरूममध्ये दोन गट आहेत. पण सरांना पक्षाघाताचा झटका येऊन बरेच महिने झाले होते, उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, आणि जो कोणी पडेगावला घरी जाऊन त्यांना भेटून येई तो मान हलवत सांगे, "ओळखत नाहीत हो कुणाला. नुसते भिंतीकडे बघत बसतात." पुण्याला असलेला त्यांचा मुलगा त्यांना तिकडच्याच एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं म्हणत होता. बाबांना कळतच नसेल तर त्यांना पडेगाव काय नि पुणे काय, आईची ओढाताण तरी थांबेल, असं त्याचं म्हणणं. मुलगा काही वाईट नव्हता. त्याच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तेवढं मला पटत नव्हतं.

ते का पटत नव्हतं हे सांगायचं तर सर मुळात कसे होते, तिथून सुरुवात करावी लागेल.

सर फिजिक्सचे आणि मी केमिस्ट्रीची. दोन्ही विभागांची यंत्रं एकाच लांबट खोलीत होती आणि त्या खोलीवर सरांचं राज्य होतं. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. त्यांची एक सवय साऱ्या शहराला ठाऊक असावी असं मला वाटे. बोलून झालं की ते शेवटी 'संपलं' म्हणत. "उद्या प्रॅक्टिकल आहे. संपलं." "डबा आणला नाय आज. संपलं." रिक्षावाल्याला सांगायचे, "क्रांती चौक. संपलं." तो बिचारा मागं वळून बघायचा. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात कोणीतरी हौसेनं यांच्या हातात माइक दिला. सर म्हणाले, "दोघांनी एकमेकांचं ऐकावं. सुखी राहावं. संपलं." व्याहीमंडळींत कुजबूज सुरू झाली, आणि नवरीच्या आत्याला पाणी द्यावं लागलं.

बरं, स्वतः 'संपलं' म्हणून थांबतील तर ते सर कसले. समोरच्याचं बोलणं संपलं याची खात्री झाल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य तासभर बोलून दम घ्यायला थांबले, की सर शांतपणे विचारायचे, "तुमचं संपलं का?" त्यात टोमणा नसायचा, खरोखर माहिती हवी असायची. पण हे प्राचार्यांना कोण समजावणार?

त्यांची दुसरी सवय याहून कठीण होती. विचारल्याशिवाय ते काही म्हणजे काही सांगत नसत, आणि विचारलं तर विचारलं तेवढंच सांगत. "सर, किल्ली तुमच्याकडे आहे का?" "नाय. संपलं." किल्ली कुणाकडे आहे हे त्यांना माहीत असायचं, पण तो वेगळा प्रश्न. नवी माणसं त्यांना गर्विष्ठ समजत. जुनी माणसंही तसंच समजत, फक्त त्यांना त्याची सवय झालेली होती. गर्व त्यांना होताच, मी नाकारत नाही. आपल्याला येतं ते या गावात दुसऱ्या कुणाला येत नाही असं ते खुशाल म्हणायचे, आणि पंचाईत अशी की ते खरं होतं.

या दोन्ही सवयी कुठून आल्या ते मला पहिल्याच वर्षी कळलं. आमच्याकडे एक जुनं परदेशी यंत्र आहे. पाण्याच्या नमुन्यातून प्रकाश आरपार सोडायचा आणि किती अडला त्यावरून पाण्यात काय विरघळलंय ते सांगायचं, हे त्याचं काम. सर त्याला 'बडी बी' म्हणत. आपल्याकडे मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. तिच्यासोबत आलेला कॉम्प्युटर कधीच मेला होता आणि तसा दुसरा मिळत नव्हता. भंगारात काढायची चर्चा सुरू झाली तेव्हा सरांनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड आणला. एवढाच जीव, पण पुरा कॉम्प्युटर. एका अंगानं तो बडी बीला तारेनं जोडायचा, दुसऱ्या अंगानं स्क्रीन आणि कीबोर्ड. सर त्याला 'दुभाष्या' म्हणायचे. बडी बीची जुनी बोली त्यानं ऐकायची आणि आपल्याला समजेल अशी करून सांगायची.

जोडणी झाली, पण बडी बी गप्प. मी तेव्हा नवी, तासिका तत्त्वावर लागलेली, उत्साह उतू जात होता. कीबोर्डवरून मी एकामागून एक आज्ञा पाठवत सुटले. सर मागं येऊन उभे राहिले.

"किती जण बोलायलेत इथं?"

"मी एकटीच आहे, सर."

"मग एवढा गलका कामून? एक सवाल टाका. मग हात मांडीवर. ती म्हातारी आहे, सावकाश, इत्मिनानानं बोलती. संपलं."

मी एकच प्रश्न टाकला. तोही त्यांनीच सांगितलेला, कारण कुठल्याही यंत्राला पहिला प्रश्न 'तू कोण?' हाच विचारायचा असा त्यांचा शिरस्ता होता. नीट यंत्र असेल तर ते आपलं नाव आणि नंबर सांगतं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येईना त्याच्या बाकी आकड्यांवर काय भरवसा, असं ते म्हणत. बडी बीनं नाव सांगितलं नाही. आम्ही चहा घेतला. तरी नाही. मी कंटाळून म्हटलं, "बिघडलीय, सर."

"बिघडली नाय. ती अजून ऐकायलीय."

त्यांनी मग खुर्ची ओढून समजावून सांगितलं. यंत्राला आपण एक ओळ पाठवतो. ओळ पुरी झाली हे त्याला कळावं म्हणून शेवटी एक खूण जोडावी लागते. नव्या यंत्रांना एक खूण पुरते, पण बडी बीच्या काळात दोन लागत. मी एकच पाठवत होते. "तुमच्या लेखी वाक्य संपलं. तिच्या लेखी तुम्ही अजून बोलायलात. मग ती मधी कशी तोंड घालील? खानदानी बाई आहे. लोक म्हणत्यात यंत्र मेलं. मेलं नाय, बिचारं वाट बघायलंय. संपलं."

मी दुसरी खूण जोडली. बडी बीनं पडद्यावर एका ओळीत आपलं नाव सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "माणसांना बी अशी खूण करता आली असती तर किती तंटे वाचले असते," आणि मग आठवण झाल्यासारखं, "संपलं." आपलं बोलणं संपल्याची खूण करायची रीत त्यांनी यंत्रांकडून उचलून माणसांना लावली होती. जग सुधारलं नाही, सर तेवढे विक्षिप्त ठरले.

तारा आणायला ते औरंगपुऱ्यात जात आणि मला सोबत नेत. तिथल्या एका खबदाडवजा दुकानात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं. सर प्रत्येक तार मीटर लावून, टोकापासून टोकापर्यंत तपासून घेत. मागं गिऱ्हाइकांची रांग लागे. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणायचा, "प्रोफेसर साब, वायर ले रहे हो या बेटी का रिश्ता देख रहे हो?"

"रिश्ताच है, मियाँ. टिकना चाहिए."

एकदा तिथं दुसऱ्या कॉलेजातले एक डॉक्टरेटवाले आपला बिघडलेला संच घेऊन आले होते. सरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, कारण त्या गृहस्थांनी सुदैवानं विचारलं होतं. बोलायची तार बोलायच्या तारेला जोडली होती, ऐकायची ऐकायच्या तारेला. जोडायला हवी एकाच्या तोंडाची दुसऱ्याच्या कानाला. "दोघं बी बोलायलेत आणि ऐकणारं कोणीच नाय," सर म्हणाले. "आमच्या स्टाफ मीटिंगसारखं झालंय तुमचं. संपलं."

आता त्यांच्या पाणी घालण्याबद्दल सांगते.

यंत्रांच्या खोलीमागं भिंतीला लागून हातभर मोकळी जमीन आहे. तिथं झाड नाही, गवत नाही, नुसती खडी पसरलेली. सर रोज सकाळी आल्या आल्या तिथं बादलीभर पाणी ओतायचे. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक नातेवाइकांना फोन करून सांगतात, त्या शहरात हा माणूस खडीला पाणी पाजतो म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडं कशी बंद राहणार? आमचे शिपाईमामा तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, सर दगडाची शेती करायलेत. औंदा पीक लई जोरात हाय."

प्राचार्यांनी एकदा खिडकीतून हाक मारून विचारलं, "सर, काय चाललंय?"

"पाणी घालतोय. संपलं."

मीही एकदा विचारलं होतं, "सर, इथं काय लावलंय तुम्ही?"

"काही नाय. संपलं."

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. डिस्टिल्ड वॉटर तयार करताना जे गार करायचं पाणी वाया जातं तेच ते बादलीत धरत, म्हणजे नासाडी काहीच नव्हती. पण हेही कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. हा त्यांचा दोषच म्हणायचा. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी तोंडावर म्हणाले नाही, पण कधी कधी त्यांना गदागदा हलवावंसं वाटे.

एकदा मात्र मी बरोबर प्रश्न विचारला. खोलीच्या दारात त्यांनी एक माठ ठेवलेला असे. कोणीही आलं, विद्यार्थी असो, दुरुस्तीवाला असो की तपासणीला आलेला साहेब, त्याला ते आधी स्वतःच्या हातानं पेला भरून देत आणि मग काय काम ते ऐकत. मी म्हटलं, "सर, तुम्ही आपणहून कधी काही सांगत का नाही?"

ते थोडा वेळ बोटांनी स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिले.

"न विचारता दिलेलं उत्तर कानात शिरत नाय, मॅडम. न मागता द्यायची चीज एकच, पाणी. माझा बाप ल्हान असताना विहिरीपाशी ओंजळ धरून उभा राहायचा. काठावर चढायची मनाई. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, नाय तर तसाच उभा. त्यानं आम्हा भावंडांना एकच शिकवलं. दारात कुणी आलं की आधी पाणी, मग चौकशी." मग ते बराच वेळ गप्प होते, आणि मी बोलले नाही, कारण त्यांनी अजून 'संपलं' म्हटलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "संपलं."

त्या दिवसापासून मला वाटायचं, मागच्या खडीला पाणी घालणं हेही त्यातलंच. तहानेल्या जमिनीची दया. मला ते फार आवडलं होतं आणि मी ते दोन-चार जणांना भारावून सांगितलंही होतं.

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांचं भाषण एका ओळीचं झालं. त्यांच्या जागी कोणी नेमलं गेलं नाही, आणि यंत्रांची खोली माझ्या गळ्यात आली. डिस्टिल्ड वॉटरच्या वाया जाणाऱ्या पाण्याला मामांनी नळी लावून ते गटारात सोडून दिलं. त्या हिवाळ्यात सरांना झटका आला. मी दवाखान्यात गेले, नंतर पडेगावलाही एकदोनदा गेले, पण दरवेळी घर माणसांनी भरलेलं. सगळे पलंगाभोवती उभे राहून एकदम बोलत. "सर, ओळखलं का? सांगा बरं मी कोण? दुखतंय का? जेवले का?" सर भिंतीकडे बघत. त्या गलक्यात मलाही काही सुचत नसे, मी सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातात फळं देऊन परत येई.

आणि मग उन्हाळा आला आणि बडी बी बरळू लागली. 'तू कोण' विचारलं तर नावाच्या जागी अर्धी अक्षरं, चौकोन, प्रश्नचिन्हं. कधी आकडा यायचा तर असा, की त्या हिशेबानं आमच्या नळाचं पाणी म्हणजे शाई ठरावी. मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आलेली. मी तार बदलली, बोर्ड बदलला, त्याचा चार्जर बदलला. बाहेरून माणूस बोलावला. तो आधी म्हणाला बोर्ड गेला, मग म्हणाला यंत्र गेलं, आणि चहा पिऊन स्वतः गेला. मामा म्हणाले, "मॅडम, चप्पल घालून हात लावत जा. बडी बी करंट मारायली." खरंच, तिच्या पत्र्याला बोट लावलं की बारीक झिणझिण्या येत. प्राचार्यांनी सांगितलं, परीक्षेपुरतं दुसऱ्या कॉलेजातून काम भागवा आणि हिला एकदाची भंगारात काढा.

मी पडेगावची वाट धरली. खरं सांगते, उत्तर मिळेल म्हणून गेले नव्हते. बडी बी जाणार हे सरांना सांगून यावं, एवढंच मनात होतं.

दुपार टळत होती. घरात काकू एकट्याच होत्या. "या, जय भीम," त्या म्हणाल्या, आणि बसायच्या आधी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मागं कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, शेजारी सरांचा स्क्रू-ड्रायव्हर. पलंगाला टेकून बसवलेले सर भिंतीकडे बघत होते. काकू त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "बोला तुम्ही, बाई. पण उपयोग नाय. पुढल्या आठवड्यात पोरगा न्यायला यायलाय. मला बी होईना आता. मी एकली काय काय बघू?" आणि पदरानं डोळे पुसले.

मी बोलायला लागले ती थांबेचना. बडी बी कशी बरळतेय, तार बदलली, बोर्ड बदलला, तुम्हाला काय वाटतं सर, भंगारात काढू का, तुम्हाला बरं वाटतंय ना, गोळ्या घेता ना. सर भिंतीकडेच. आणि बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. पलंगाभोवती उभे राहून सगळे बोलायचे तसाच. किती जण बोलायलेत इथं?

मी तोंड मिटलं. खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी घेतली. आणि सावकाश, एकच म्हटलं.

"सर, बडी बी नाव सांगत नाही. काय तपासू? संपलं."

हात मांडीवर ठेवले.

काही झालं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. रस्त्यानं दौलताबादकडे जाणारी एक गाडी हॉर्न वाजवत गेली. काकूंना ती शांतता सोसवेना, त्या "अहो..." म्हणून बोलायला लागल्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या मनात येऊन गेलं की लोक म्हणतात तेच खरं असेल, आणि मला रडू येऊ लागलं. पण उठले नाही. उठायचं कसं? खूण मी केली होती, आता पाळी त्यांची होती.

मग सरांचं तोंड भिंतीकडून वळलं. हळूहळू माझ्याकडे आलं. डावा हात चादरीवरून सरकत स्टुलाकडे गेला, तिथं पाण्याचा पेला होता.

"पाणी पाहिजे त्यांना," म्हणत काकू धावल्या आणि पेला ओठांना लावला. सरांनी ओठ घट्ट मिटले. मान झटकली. काकूंच्या हातातून पेला ओढून घेतला आणि सगळं पाणी फरशीवर ओतून टाकलं.

"बघा!" काकूंचा आवाज फुटला. "बघा, बाई. पोरगा म्हणतो ते काय खोटंय? डोकंच राहिलं नाय त्यांचं."

सर फरशीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. रिकामा पेला तसाच हातात, आणि त्याच हातानं खाली, फरशीकडे, पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी ती नजर ओळखत होते. सरळसोट गोष्ट विद्यार्थ्याला कळत नसली की ते असंच बघायचे.

"मागची जमीन?" मी म्हटलं. "खडीची? तुम्ही पाणी घालायचा ती? संपलं."

सरांच्या घशात काहीतरी हललं. एक अक्षर आलं, विरलं. पुन्हा आलं. काकू तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

"को...रडी," सर म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्यांचा हा पहिला शब्द. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्या खडीखाली अर्थिंगचा खड्डा होता. यंत्रांच्या पत्र्यात साठणारी चुकार वीज तारेवाटे जमिनीत सोडायची असते, त्यासाठी खाली मीठ-कोळसा घालून तांब्याचा पत्रा पुरतात. पण मातीत ओल असली तरच ती वीज जमीन घेते. आमच्या इथल्या उन्हाळ्यात वर्षभराची ओल उडून जाते. मग ती वीज तारांत लुडबुडते, माणसाला झिणझिण्या देते आणि दुभाष्याच्या कानात गोंगाट करते. म्हणून सर रोज बादली ओतत होते. मी त्याला दया समजून बसले होते. ते काम होतं. आणि का करता, असं एकानंही त्यांना विचारलं नव्हतं.

मी काकूंना सगळं उलगडून सांगितलं. फरशीवरच्या पाण्याकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी ते पुसलं आणि पलंगाशी तशाच बसल्या. "म्हणजे सगळं कळतंय तुम्हाला," त्या सरांना म्हणाल्या. "आणि मी तुमच्याच पुढ्यात काय काय बोलले." सरांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी बाहेर ओसरीवर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं खडी बाजूला केली. आतली माती भाजल्यासारखी झाली होती. मामांनी आणि मी मीठ टाकलं आणि गटारात सोडलेली ती नळी पुन्हा खड्ड्यात आणली. पाणी ओतलं की जमीन आवाज करत पिऊन टाकायची. मामा एक बादली ओतायचे आणि म्हणायचे, "सर, माफी असावी." तिसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याला हात लावला, झिणझिण्या नव्हत्या. मी विचारलं, 'तू कोण?' हात मांडीवर ठेवले. बडी बीनं एका ओळीत, स्वच्छ, आपलं नाव आणि नंबर सांगितला.

मी तिथूनच काकूंना फोन लावला. काकू आधी स्वतःचंच सांगायला लागल्या. पोराला कळवलं म्हणे, बाबा कुठं जाणार नायत, वाचेचा डॉक्टर बघ त्यापेक्षा. "त्याला म्हणलं, तू एक सवाल टाक आणि गप बस, बघ बोलत्यात का नाय." मग त्यांनी फोन सरांच्या कानाशी धरला.

"सर, बडी बीनं नाव सांगितलं. जमीन कोरडीच होती. संपलं."

पलीकडून श्वास ऐकू येत होता. मी थांबले. मामा दारात बादली घेऊन उभे होते, तेही थांबले.

"रो...ज," सर म्हणाले. बऱ्याच वेळानं, "पा...णी."

मग पुन्हा नुसता श्वास. थोड्या वेळानं फोनवर काकूंचा आवाज आला. "झालं वाटतं, बाई. ठेवू का?"

"ठेवू नका, काकू," मी म्हटलं. "त्यांनी अजून 'संपलं' म्हटलेलं नाही."

काकूंनी फोन परत त्यांच्या कानाशी धरला.